अकरा पावलं

विजयमाला ओव्हाळ नव्या पेशंटच्या घरी गेली की आधी पेशंटकडे बघायची नाही, जमिनीकडे बघायची. पलंगापासून बाथरूमपर्यंत एकदा चालून यायची आणि पावलं मोजायची. मधे उंबरा किती उंच आहे, पायपुसणं सरकतं का, दिव्याचं बटण हाताला लागतं का, दाराला आतून कडी आहे का. कडी असेल तर घरच्यांना पहिलं वाक्य ऐकवायची, "पेशंट आत असताना ही लावायची नाही." घरच्यांना वाटायचं, सिस्टरना बाथरूमला जायचं असेल. काहीजण घाईघाईने आत बादली भरून ठेवायचे.

तेहतीस वर्षं तिने शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली होती. तिथे तिने एक गोष्ट इतक्या वेळा पाहिली की पुढे पुढे तिला ती आधीच दिसायला लागली. ऐंशीच्या पुढचं माणूस ताप घेऊन यायचं, येताना मुलाच्या खांद्याला धरून का होईना पण चालत यायचं. आठ दिवसांत ताप जायचा आणि चालणंही जायचं. रात्र आहे की दिवस ते कळायचं नाही, हातातली सुई उपसली म्हणून हात बांधले जायचे, आणि घरी जाताना स्ट्रेचर लागायचा. कागदावर मात्र पेशंट बरा झालेला असायचा.

निवृत्त झाल्यावर तीन महिने तिने घरातली कपाटं आवरली. चौथ्या महिन्यात मुलगी अस्मिता म्हणाली, "आई, आता माझं कपाट सोड." त्याच आठवड्यात ती सदाशिव पेठेत डॉक्टर श्यामला यांच्या क्लिनिकमध्ये गेली. श्यामला मॅडमनी म्हाताऱ्या माणसांवर घरीच उपचार करायचं काम सुरू केलं होतं. दोन डॉक्टर, चार नर्स आणि चार स्कूटर. ताप, छातीतला कफ, लघवीचा जंतुसंसर्ग, ज्यासाठी म्हाताऱ्यांना हमखास भरती करतात, त्यातलं घरी बरं होण्यासारखं जे असेल ते घरी. शिरेतली इंजेक्शनं घरी, सलाईन घरी, रक्त घरी येऊन न्यायचं. डॉक्टर दिवसातून एकदा, नर्स तीनदा, फोन केव्हाही. आणि घरी होण्यासारखं नसेल तर हॉस्पिटल, तिथे मानापमान नाही. मॅडमची अट एवढीच होती की वेळ आधी ठरवायची. या वेळेपर्यंत अमुक झालं नाही तर भरती. "बघू या" हा शब्द त्यांच्या क्लिनिकमध्ये चालत नसे.

विजयमालाच्या पिशवीत औषधांबरोबर एक स्टीलची पाण्याची बाटली असायची. लोकांच्या घरी पाणी मागायचं नाही, ही तिची जुनी सवय. ती मंगळवार पेठेत वाढली. वडील धोंडिबा खडकीच्या कारखान्यात होते. आजोबा छपन्न साली नागपूरला जाऊन आलेले, त्यामुळे घरात बुद्धाची तसबीर आणि शाळेची सक्ती, दोन्ही एकदमच आली होती. पुण्यात तिला कुणी पाण्यावरून काही म्हटलं नाही. पण लहानपणी सुट्टीत आजोळी गेल्यावर पाटलांच्या विहिरीवर ओंजळ धरून उभं राहिल्याचं तिला आठवत होतं. वरून पाणी ओतणाऱ्या बाईचा चेहरा आठवत नव्हता, बांगड्या आठवत होत्या. ते खेडं सुटलं, विहीर बुजली. बाटली राहिली.

मे महिन्यातल्या एका सोमवारी दुपारी तिला कोथरूडचा पत्ता मिळाला. सोनबा हाइट्स, पहिला मजला. सोनबा म्हणजे पेशंटचा नवरा. त्याच्या ज्वारीच्या रानावर ही सात मजली इमारत उभी होती आणि बिल्डरने नावापुरता तो गेटवर ठेवला होता. पेशंट सरुबाई, वय ब्याऐंशी. लघवीच्या संसर्गाने ताप चढलेला. मुलगा संजय, सून जया.

सरुबाई मागच्या खोलीत लाकडी दिवाणावर होत्या. खोली लहान, पण खिडकीतून चिंचेचं झाड दिसायचं. रानातलं तेवढंच उरलं होतं. विजयमालाने पावलं मोजली. दिवाणापासून बाथरूम अकरा. वाटेत भिंत होती, तिला जागोजागी हाताचे काळपट ठसे होते. म्हणजे म्हातारी रोज भिंतीला धरून जात होती. चांगली खूण.

"तू कुणाची गं?" सरुबाईंनी विचारलं.

"ओव्हाळ. विजयमाला ओव्हाळ."

"आमच्या मळ्यात एक ओव्हाळ हुता. वरल्या अंगाला ऱ्हायचा."

"असेल," विजयमाला म्हणाली आणि रक्त घ्यायला शीर शोधू लागली.

"मला दवाखान्यात न्यायचं न्हाय. मागल्या टायमाला बांधलं मला. गुरावानी."

संजयने मान खाली घातली. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियात आईला नऊ दिवस हॉस्पिटलात ठेवलं होतं. परत आल्यावर तिला पुन्हा भिंत धरून चालायला तीन महिने लागले होते. "आता परत गेली तर उठणार नाही सिस्टर," तो बाहेर येऊन म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

श्यामला मॅडम संध्याकाळी येऊन बघून गेल्या. शनिवारपर्यंत इंजेक्शनं. हृदय थकलेलं, त्यामुळे सलाईन भरभर देता येणार नव्हतं. पाणी तोंडानेच जायला हवं, दिवसाला दीड लिटर. जयाला एक वही दिली. एका बाजूला पाणी लिहायचं, दुसऱ्या बाजूला लघवी. जया सासूला आत्या म्हणायची. "आत्यांना मी पाजते बरोबर," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी विजयमाला आली तेव्हा सरुबाई हॉलमध्ये होत्या. संजयने भाड्याने हॉस्पिटलचा पलंग आणला होता, दांडा फिरवला की डोक्याकडून वर होणारा, दोन्ही बाजूंना कठडे असलेला. सलाईनचा स्टँड, बाजूला कमोडची खुर्ची, समोर सोफा.

"लोक यायला लागतील आता," संजय म्हणाला. "मागच्या खोलीत अंधार. लोकांना वाटायचं, म्हातारीला कोपऱ्यात टाकली. ट्रीटमेंट चाललीय हे दिसायला नको का?"

आदल्या दिवशी त्या बुटक्या दिवाणाशी विजयमाला अर्धा तास गुडघ्यांवर बसली होती. रात्री कंबरेला शेक घेतला होता. आता पेशंट तिच्या हाताच्या उंचीवर होता.

"बरं केलंत," ती म्हणाली. "माझी कंबर वाचली."

त्या दिवशी तिने पावलं मोजली नाहीत.

संध्याकाळी हॉल भरला होता. सोफ्याच्या मधोमध सरुबाईंची नणंद गोदाबाई बसली होती. वय पंचाहत्तर, आवाज तीस.

"एवढी बिल्डिंग तुमची, अन् आईला एक दवाखाना झेपंना व्हय रे संजा?"

"आत्या, हीच ट्रीटमेंट दवाखान्यात करतात. डॉक्टर घरी येतात."

"डॉक्टर घरी येतात ते कशाला, मला ठावं हाय. सर्टिफिकीट द्यायला."

कुणीतरी हसलं. संजय शहाळी फोडायला आत निघून गेला.

विजयमालाने ग्लासात पाणी ओतलं, पलंगाची मान वर केली आणि ग्लास सरुबाईंच्या ओठांशी नेला. सरुबाईंनी तोंड फिरवलं.

"घ्या आजी. दोन घोट."

"नगं. जयाकडं दे."

 तेहतीस वर्षांत तिने हे चार-पाचदा पाहिलं होतं. गोळी नर्सकडून घ्यायची, पाणी मात्र घरच्या माणसाच्या हातचं. ती त्यावर कधी वाद घालत नसे. आजारी माणसाला सुधारायला जायचं नाही, बरं करायचं. वरल्या अंगाचा ओव्हाळ. ठीक आहे. तिने ग्लास जयाच्या हातात दिला, बीपी मोजलं, पिशवी आवरली आणि जिना उतरली. खाली स्कूटरपाशी ती स्वतःच्या बाटलीतून दोन घोट पाणी प्यायली. नेहमीपेक्षा जरा जोरात झाकण लावलं.

बुधवारी सकाळची फेरी मैत्रीची होती. ती क्लिनिकमधली सगळ्यात तरुण नर्स. आठ वाजता तिने श्यामला मॅडमना फोन केला.

"मॅडम, आजी कन्फ्यूज्ड आहेत. मला जनाक्का म्हणतायत. हातातली सुई काढायला बघतायत. बीपी नव्वद आहे आणि कालपासून युरीन फक्त दीडशे मिली."

"पाणी?"

"वहीत आठ ग्लास लिहिलेत."

रक्ताचा रिपोर्ट दहाला आला. मूत्रपिंडाचा आकडा दोन दिवसांत जवळजवळ दुप्पट झाला होता. श्यामला मॅडमनी हॉस्पिटलात एक कॉट सांगून ठेवली आणि विजयमालाला फोन केला.

"संध्याकाळी पाच. तोवर लघवी तीनशेच्या वर, बीपी शंभरच्या वर, आणि माणसं ओळखायला हवीत. यातलं एक जरी कमी पडलं तर भरती. तुम्ही जा आणि तिथेच थांबा. आठ ग्लास गेले कुठे ते मला सांगा."

विजयमाला पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. संजय अँब्युलन्सचा नंबर हातात घेऊन फेऱ्या मारत होता. गोदाबाई सोफ्यावर होतीच, सोबत आणखी तिघी.

"पाचपर्यंत कशाला थांबायचं?" संजय म्हणाला. "आईला काही झालं तर या घरात मला तोंड दाखवता येईल का?"

"पाच म्हणजे पाच. त्याआधी बिघडलं तर मीच तुमच्या आधी फोन करीन."

सरुबाईंची जीभ कोरडी होती. कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. विजयमालाने कमोडची खुर्ची जवळ ओढायला हात घातला. खुर्चीवर फुलाफुलांची चादर होती. चादरीवर केळ्यांचे दोन फणे, मोसंब्यांची पिशवी आणि एक नारळ.

तिने नारळ उचलून जयाच्या हातात दिला. "ही खुर्ची शेवटची कधी वापरली?"

"काल... सकाळी. मग लोक यायला लागले. बरं दिसत नव्हतं, म्हणून चादर टाकली."

"आणि फळं?"

"ती गोदाआत्यांनी ठेवली," जयाचा आवाज खाली गेला. "त्यांना टेबल वाटलं."

"डायपर?"

"लावू देत नाहीत. हात झटकतात."

विजयमालाने वही उघडली. आठ ओळी, आठ ग्लास, नीट अक्षर.

"जया, हे दिलेलं पाणी आहे का प्यायलेलं?"

जयाने नारळ दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "दिलेलं. त्या ओठ ओले करायच्या आणि परत द्यायच्या. मी तरी किती वेळ उभी राहणार सिस्टर? दर अर्ध्या तासाला चहा टाकायचा. ग्लास सिंकमध्ये ओतला आणि लिहून टाकलं."

विजयमालाने मग ते केलं जे तिने मंगळवारी करायला हवं होतं. पलंगापासून बाथरूमपर्यंत चालून पाहिलं. जेवणाच्या टेबलाला वळसा, सोफ्यासमोरून, मुख्य दारापुढून. सव्वीस पावलं. वाटेत धरायला भिंत नाही; चार बायकांचे गुडघे होते. परत येऊन ती पलंगाशी वाकली आणि उशीच्या उंचीवरून हॉलकडे बघितलं. गोदाबाई सरळ तिच्याकडे बघत होती.

काल ग्लास परत आला तेव्हा तिने कारण विचारलं नव्हतं. उत्तर आपल्याला माहीत आहे, असं तिला वाटलं होतं. तिचे कान गरम झाले. लाज वाटायला मात्र वेळ नव्हता, पावणेबारा वाजले होते.

"संजय, आजींना मागच्या खोलीत घ्या. आत्ता."

"अहो, पण तिथे... लोक काय म्हणतील?"

"लोकांना हा पलंग आवडला असेल तर लोकांना झोपवा त्याच्यावर. जेवणाची एक खुर्ची आणा. तुम्ही मागून धरा, जया पुढून. मी सलाईन धरते."

"बाई, आम्ही काय परकी हाय का?" गोदाबाई सोफ्यावरून म्हणाली.

"नाही ना. म्हणून तर सांगते, बसा आरामात. कुणी आत येऊ नका."

मागच्या खोलीत दिवाणावर टेकवल्याबरोबर सरुबाईंचा हात भिंतीवर गेला, जिथे ठसे होते तिथे. विजयमालाने कमोडची खुर्ची आत आणवली, दोघांना बाहेर काढलं आणि दार लावलं. पाण्याचा जग हॉलमध्येच राहिला होता. दार पुन्हा उघडायचं तिच्या जिवावर आलं. तिने पिशवीतून आपली बाटली काढली, तिच्या पेल्यासारख्या झाकणात पाणी ओतलं आणि सरुबाईंच्या ओठांशी धरलं.

सरुबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग बंद दाराकडे बघितलं, आणि प्यायल्या. एक झाकण, दुसरं, तिसरं. विजयमालाने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि खांद्याला एक हात धरून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. चिंचेवर कावळ्यांचं काहीतरी चाललं होतं. बऱ्याच वेळाने पाठीमागे आवाज झाला. फार नाही. पण झाला.

एकपर्यंत शंभर मिली. दोनपर्यंत आणखी नव्वद. बाटली संपली तशी जयाने दारातून जग आत दिला. विजयमाला पाणी बाटलीत ओतून झाकणानेच पाजत राहिली, कारण झाकण चाललं होतं. अडीचला सरुबाईंना डुलकी लागली. सव्वातीनला डोळे उघडले तेव्हा नजर स्थिर होती.

"जनाक्का गेली का?" विजयमालाने चाचपून पाहिलं.

"जनाक्का मरून ईस वर्सं झाली. तुला काय झालं?"

विजयमालाने घड्याळात बघून ते वहीत टिपलं. मग वही मिटली.

"आजी, काल माझ्या हातचं पाणी का नाही घेतलंत?"

"पाणी पिलं की मुतायला लागतं. त्या गोदीसमोर मुतू? साठ वर्सं तिच्यासमोर डोईवरचा पदर ढळू दिला न्हाय म्या."

"जयाकडे दे म्हणालात."

"जया जबरी करत न्हाय. तू लई चिकट."

विजयमालाने इथे थांबायला हरकत नव्हती. पण ती थांबली नाही. "माझ्या हातचं म्हणून नाही ना?"

सरुबाई खिडकीकडे बघत राहिल्या. 

"पूर्वी नसतं घेतलं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? रीतच तशी हुती, अन् मी काय मोडणारी नव्हते. आता आण ती बाटली, घसा सुकलाय."

विजयमालाला राग यायला हवा होता. थोडा आलाही. तिने झाकण भरलं, ओठांशी धरलं, आणि सरुबाई प्यायल्यावर वहीत लिहिलं : साठ मिली, प्यायल्या.

पाचला दहा मिनिटं असताना तिने शेवटची बेरीज केली. तीनशे चाळीस. बीपी एकशे चार. संजय दारात आला तेव्हा सरुबाई म्हणाल्या, "तोंड का पाडलंस? जेवलास का?" माणसं ओळखण्याची परीक्षा तिथेच संपली.

श्यामला मॅडम आल्या, तपासलं, वही वाचली. "आजची रात्र घरी. सकाळी सातला रक्त. आकडा वाढला असेल तर मी ऐकणार नाही."

संजयने अँब्युलन्सच्या नंबराचा कागद घडी करून खिशात ठेवला. फाडला नाही.

जिन्यात विजयमाला म्हणाली, "मॅडम, मंगळवारी तो पलंग बघून मीच बरं केलंत म्हणाले. मला सोयीचा होता. आणि ग्लास परत आला तेव्हा मी वेगळंच समजले."

"काय समजलात?"

विजयमालाने सांगितलं. मॅडम दोन पायऱ्या उतरल्या आणि मागे वळल्या.

"फाइलमध्ये लिहा."

"हेसुद्धा?"

"हेच. मैत्रीला वाचायला मिळालं पाहिजे."

विजयमालाने लिहिलं. तीन वाक्यं लिहायला तिला वीस मिनिटं लागली.

गुरुवारी आकडा थोडा उतरला, शुक्रवारी बराच. शनिवारी शेवटचं इंजेक्शन होतं. भाड्याचा पलंग अजून हॉलमध्येच होता. नेणारा माणूस सोमवारी येणार होता. त्यावर गोदाबाई पाय लांब करून बसली होती आणि संजयला सांगत होती, "जरा डोक्याकडनं वर कर रे. आणखी. हां, बास."

मागच्या खोलीत विजयमालाने सरुबाईंच्या हातातली सुई काढली, कापूस दाबून धरला, पट्टी लावली. मग म्हणाली, "चला आजी, एकदा जाऊन येऊ."

सरुबाई भिंत धरून उठल्या. विजयमाला मागे एका हाताच्या अंतरावर, न धरता. सातव्या पावलाला त्या थांबल्या, दम घेतला, विजयमालाचा पुढे आलेला हात कोपराने बाजूला केला. अकराव्या पावलाला दार. त्या आत गेल्या, दार लोटलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

विजयमालाने नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि दाराला कान लावून उभी राहिली. सकाळपासून चार पेशंट झाले होते, ऊन मी म्हणत होतं, आणि बाटली कधीचीच रिकामी होती.

"जया," ती म्हणाली. सवय नसल्यामुळे आवाज जरा मोठाच आला. "मला एक ग्लास पाणी द्या."